आग्नेयेचा माड

फुटबॉलचा वर्ल्ड कप चार वर्षांनी येतो, मृग दर वर्षी येतो, आणि दोघांची गाठ पडते ती आमच्या कोकणातल्या कौलांवर, टीव्हीच्या डिशपाशी. २०१० चा ११ जूनला सुरू झाला, २०१४ चा १२ जूनला, २०१८ चा १४ जूनला, आणि २०२६ च्या वेळापत्रकात पुन्हा ११ जून ते १९ जुलै. मृग लागतो ७-८ जूनला. म्हणजे तिकडे खेळाडू अंग मोकळं करत असतात तेव्हा इकडे पावसाचे दोन-तीन सराव सामने उरकलेले असतात. फक्त २०२२ ला कतारच्या उन्हाला घाबरून स्पर्धा २० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर अशी ढकलली, आणि आमच्याकडे महिनाभर चित्राला ओरखडा उठला नाही. वाळवंटातल्या उन्हाचा कोकणाला झालेला हा माझ्या मते पहिलाच फायदा.

दुखणं नेमकं काय ते आधी सांगतो. घरावरची छोटी डिश पकडते तो सिग्नल केयू बँडचा, साधारण १२ गिगाहर्ट्झचा. त्याची लहर अडीच सेंटीमीटरची, आणि आमच्याकडचा टपोरा थेंब चार-पाच मिलिमीटरचा. मापं इतकी जवळ आली की थेंब थोडा सिग्नल गिळतो आणि थोडा भलतीकडे उडवतो. रिमझिमीत काही होत नाही. पण समुद्राकडून काळी भिंत चालत येते, समोरचा डोंगर दिसेनासा होतो, तेव्हा चित्राचे आधी चौकोनी तुकडे पडतात, मग खेळाडूचं धड एका जागी आणि पाय दुसऱ्या जागी, आणि मग निळ्या पडद्यावर ‘सिग्नल उपलब्ध नाही’. हे कॉर्नर किकच्या वेळीच होतं असं नाही, लक्षात तेवढंच राहतं.

केबलवाल्याला पावसाची भीती कमी. त्याच्याकडे चित्र उतरतं ते सी बँडच्या आठ-बारा फुटी डिशवर. तिथली लहर साडेसात सेंटीमीटरची, ती थेंबांना फारशी मोजत नाही. पण तिथून ते तुमच्या घरी येतं माडावरून माडावर टांगलेल्या वायरीने, आणि झावळ पडते ती वायरीवरच. शिवाय वाडीतला बूस्टर विजेवर चालतो. सारांश, आकाशातून येणाऱ्याला ढग नडतो आणि जमिनीवरून येणाऱ्याला माड.

माडाचं प्रकरण जरा सविस्तर घ्यायला हवं. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. डीडी फ्री डिश ज्या जीसॅट-१५ वरून येते तो ९३.५ अंश पूर्वेला आहे. रत्नागिरीवरून बघितलं तर तो जवळपास आग्नेयेला, क्षितिजाच्या वर साधारण साठ अंशांवर. बाकीच्या कंपन्यांचे उपग्रह थोडे इकडेतिकडे, पण कोकणातली बहुतेक डिश आग्नेयेच्या आसपासच तोंड करून असते. आता हिशेब करा. डिश खळ्यात खांबावर आणि त्या बाजूला पन्नास फुटी माड असेल, तर तो तीस फुटांच्या आत नको. तीस फुटांच्या बाहेर असला तर सिग्नल त्याच्या शेंड्यावरून जातो. पण माड दर वर्षी वाढतो, आणि चार वर्षांपूर्वी सुखरूप असलेली डिश या वर्ल्ड कपला झावळीच्या मागे गेलेली असते. कोरड्या झावळीतून थोडंफार पाझरतं. भिजलेली झावळ म्हणजे ओली गोणी. वाऱ्यावर ती डुलते आणि चित्र पाच सेकंद येतं, तीन सेकंद जातं. असं तालात येणारंजाणारं चित्र दिसलं की पावसाला दोष देऊ नये, बाहेर जाऊन माड बघावा.

माड छाटायचा तर तो नेमका गडग्याच्या पलीकडचा निघतो. बुंधा चुलत्यांचा, झावळ आमच्या आकाशात, आणि दोन्ही घरांत १९८० पासून बोलणं नाही. अशा वेळी डिश हलवावी. तेच स्वस्त पडतं.

डिश हलवणं हा दोन माणसांचा धंदा. एक वर पान्हा घेऊन, एक खाली टीव्हीसमोर, आणि मध्ये खिडकीत उभा राहून निरोप पोचवणारा तिसरा, ज्याला काही कळत नाही. साठ सेंटीमीटरच्या डिशची नजर तीन अंशांची. काठाशी बोटभर सरकली की उपग्रह चुकला. नट अर्धवट सैल करायचे, काठ दोन-तीन मिलिमीटर सरकवायचा, आणि पाच सेकंद थांबायचं, कारण डिजिटल खोका सिग्नल ओळखायला वेळ घेतो. आमच्याकडे कोणी थांबत नाही. वरून विचारतात, “इलो?” खालून, “नाय!” “आता?” “नाय!” “आता?” “इलो! थंयच ऱ्हव!” पण तोवर वरच्याने पुढचं बोट सरकवलेलं असतं. “गेलो!” अशी इलो-गेलोची आरती तासभर चालते. खालच्याने मेन्यूत सिग्नलची पट्टी उघडून बसावं आणि त्यातही ‘स्ट्रेंथ’कडे दुर्लक्ष करावं. स्ट्रेंथ डिश माडाकडे तोंड करून असली तरी दिसते. बघायची ती ‘क्वालिटी’. आणखी एक फसगत: ही डिश तिरपी जेवते. तिचं तोंड दिसतं त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वरचं तिला दिसतं. म्हणून ती समोरच्या भिंतीकडे बघतेय असं वाटलं तरी लगेच आकाशाकडे वळवू नये.

हे सगळं करायचं मे महिन्यात. आगोटीच्या कामांत लाकडं भरतात, सुके बांगडे भरतात, कौलं परततात, पडवीला झडप बांधतात. डिश कोणाच्या यादीत नसते. तिची आठवण थेट पहिल्या सामन्याला. वास्तविक दहा मिनिटांचं काम आहे. डिशच्या दांड्यावर पुढे जो डबा असतो, एलएनबी, त्याच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण तडकलंय का ते बघा. तडकलं असेल तर आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं असतं, दारासकट. मग त्याला वायर लागते तिथली पिळाची टोपी काढा. किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत असाल तर आत हिरवी-पांढरी पूड सापडेल, जुन्या तांब्याच्या घंगाळावर धरते तशी. त्या वायरीतून खोका एलएनबीला वीज पाठवत असतो, १३ व्होल्ट किंवा १८ व्होल्ट, चॅनेलची लहर उभ्या बाजूची आहे की आडव्या त्यावर. खारं पाणी आणि वीज एकत्र आली की तांबं झिजणार हे नववीच्या पुस्तकात आहे. सांधा झिजला की वाटेत व्होल्ट गळतात, १८ चे १४-१५ होतात, आणि एलएनबीला वाटतं की आपल्याला १३ ची बाजू मागितलीय. मग निम्मी चॅनेल झक्क दिसतात आणि निम्मी गायब. गायब झालेल्यांत खेळाचं चॅनेल असतं. घरच्यांना हा दैवी संकेत वाटतो, कारण मालिका व्यवस्थित चालू असते.

उपाय: वायरीचं टोक दोन इंच कापून टाका, नवी टोपी बसवा, वर ग्रीस किंवा व्हॅसलीन चोपडा आणि पाणी न शिरणारी रबरी टेप ओढून गुंडाळा. वायर घरात शिरण्याआधी खाली पोट सोडल्यासारखा झोल ठेवा, म्हणजे पाणी त्या पोटावरून गळून जातं. झोल नसेल तर पाणी वायरीच्या बाहेरून चालत थेट खोक्याच्या मागे येतं आणि तिथून टीव्हीच्या टेबलावर. एलएनबीला पावसाचा त्रास नको म्हणून काही मायाळू माणसं त्याच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांधतात. करू नये. पिशवीवर पाण्याचा पडदा धरतो आणि ढगाने सोडलेलं पिशवी अडवते. फारच हौस असेल तर साठऐवजी नव्वद सेंटीमीटरची डिश घ्या. क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, आणि पाऊस जिथे वीस मिनिटं चित्र खायचा तिथे दहा-बारावर भागतं. मुसळधारेपुढे तीही हरते. शिवाय वादळात ती पतंगासारखी ताणते, म्हणून खांब चिऱ्यात नीट पुरा.

वीज जाणार हे धरूनच चला. ४३ इंची टीव्ही ८० वॅट, खोका १५, पंखा ७५, एक दिवा १०, असे १८० वॅट. १५० एएचची नवी बॅटरी हे पाच-सहा तास ओढते. तीन पावसाळे पाहिलेली असेल तर निम्मे धरा. जादा वेळ आणि पेनल्टी धरून सामना पावणेतीन तासांवर जातो, म्हणजे निभतं, फक्त फ्रीज इन्व्हर्टरवर नको. आणि लांबवर गडगडू लागलं की, वीज डोक्यावर यायच्या आत, पेनल्टी चालू असली तरी वायर खोक्यातून उपटायची. खोका जळाला तर पुढचे सगळे सामने गेले.

चॅनेलचे पैसे भरायचं राहिलं असेल तर तेही कोरड्या दिवशी करा. पैसे मोबाईलवरून भरले तरी चॅनेल उघडायचा हुकूम उपग्रहातूनच येतो, आणि तो घ्यायला खोका चालू आणि आकाश मोकळं लागतं. मॅचला दहा मिनिटं असताना, भर पावसात, बंद खोक्यासाठी पैसे भरणाऱ्याने नंतर ग्राहक सेवेतल्या मुलीवर ओरडू नये. ती बिचारी कुठल्या तरी कोरड्या शहरात बसलेली असते.

एवढा खटाटोप करून आपण सामना बघितला, तर तो कोणाच्या खिजगणतीत येतो? कोणाच्याच नाही. टीव्हीचे आकडे बार्क नावाची संस्था मोजते. देशात टीव्हीची घरं साधारण २१ कोटी, आणि मीटर लावलेली घरं ५५ हजारांच्या आसपास. म्हणजे एक घर पावणेचार हजार घरांच्या वतीने टीव्ही बघतं. चॅनेलच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, मीटर ती ओळखतो. घरातल्या प्रत्येकाला मीटरच्या रिमोटवर एक बटण. बसलो की दाबायचं, उठलो की दाबायचं. मीटर कोणाच्या घरी आहे हे गुप्त. आमच्या वाडीत एकाकडे आहे असा संशय आहे, कारण तो रात्री एकटाच बातम्या बघतो आणि कोणाला घरात घेत नाही. पण २०२० साली मुंबईत टीआरपीचा घोटाळा उघडकीला आल्यापासून अशा संशयाची जाहीर चर्चा कोणी करत नाही.

मीटर घरात असतो. देवळाच्या सभामंडपात पडदा लावून दीडशे जण बसले तर त्याच्या लेखी ते जन्मलेच नाहीत. पाऊस पडून चॅनेल गेलं आणि बटण दाबून आशेने वाट बघत बसलात, तरी हिशेबात शून्य, कारण खूण ऐकू येत नाही. कोकणातल्या फुटबॉलप्रेमाचा जून-जुलैतला आलेख म्हणजे खरं तर पर्जन्यमापकाचा उलटा आलेख. मुंबईत कोणी साहेब तो बघून म्हणत असतील की किनारपट्टीवर फुटबॉलला प्रतिसाद नाही.

आकड्यांतली खरी मेख वेगळीच आहे. एक असते ‘पोच’ आणि एक ‘सरासरी’. काकी चहाचा कप न्यायला आल्या, मिनिटभर पडद्याकडे बघून “हे अजून चाललाहा?” म्हणाल्या आणि गेल्या, तर त्या पोचमध्ये धरता येतात. सरासरी म्हणजे सामन्याच्या प्रत्येक मिनिटाला किती जण होते ते मोजून भागलेलं. २०१८ च्या अंतिम सामन्याची जगभरची पोच फिफाने ११२ कोटी सांगितली आणि थेट प्रक्षेपणाची सरासरी ५१.७ कोटी. मधले साठ कोटी म्हणजे जगभरच्या काकी. चॅनेलवाला पत्रकार परिषदेत पोच सांगतो, जाहिरातवाला पैसे देताना सरासरी विचारतो. कोणी नुसता ‘इतक्या कोटींनी बघितलं’ असं म्हणाला, तर कुठला आकडा ते आधी विचारा.

आणि वेळ बघा. बार्कचा दिवस पहाटे दोनला सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटे दोनला संपतो. २०२६ च्या अंतिम सामन्याची आपली वेळ १९ आणि २० जुलैच्या मधली रात्र, साडेबारा. पहिला अर्ध, मध्यंतर, आणि दुसऱ्या अर्धात कुठे तरी रंग चढलेला असताना दोन वाजतात. तिथपर्यंतचा गोल रविवारचा, पुढचा सोमवारचा. एकादशी आणि द्वादशी कुठे मोडते यावर आमच्याकडे जेवढे वाद होतात तेवढे यावर अजून सुरू झालेले नाहीत.

चॅनेलवाल्याचं दुःखही थोडं ऐकून घ्यावं. क्रिकेटमध्ये षटक संपलं की जाहिरात, विकेट पडली की जाहिरात. ट्वेंटी-ट्वेंटीची ४० षटकं म्हणजे जाहिरातीचे चाळीसेक कोनाडे. फुटबॉल ४५ मिनिटं सलग धावतो. प्रेक्षक सगळ्यात जास्त असतात तेव्हा विकायला काही नसतं. मध्यंतराची १५ मिनिटं, म्हणजे दहा सेकंदांचे नव्वद तुकडे, विकायला असतात तेव्हा प्रेक्षक मोरीत. आलेखावर ही पंधरा मिनिटं ओहोटीसारखी दिसतात. सुटाबुटातल्या तज्ज्ञांना आणून बसवतात ते लोकांनी उठू नये म्हणून, आणि लोक नेमके त्यांना बघून उठतात. २०२६ साठी फिफाने प्रत्येक अर्धात तीन मिनिटांची पाणी प्यायची सुट्टी ठरवली, उष्म्यात खेळाडूंना जपायला म्हणून. त्या सहा मिनिटांकडे बघून कोणकोणाच्या तोंडाला पाणी सुटलं असेल याचा मला अंदाज आहे.

लोक उठून काय करतात याचा सगळ्यात चोख आकडा मात्र टीव्हीवाल्यांकडून आलेला नाही, वीजवाल्यांकडून आलाय. ४ जुलै १९९० ला इंग्लंड उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीवर हरलं, आणि पुढच्या काही मिनिटांत ब्रिटनची विजेची मागणी २,८०० मेगावॅटने उसळली. सगळा देश एकदम उठून विजेच्या किटलीत चहाचं पाणी ठेवत होता. आपला कोयनेचा सगळा प्रकल्प मिळून १,९६० मेगावॅटचा. त्यांच्या दुखवट्याच्या एका चहाला कोयना पुरली नसती.

मग एवढा तोट्याचा वाटणारा माल चॅनेलं घेतात कशाला? कारण तो दुसऱ्याकडे गेला तर जास्त दुखतं. अमेरिकेत त्यांचा तो अंगावर धावून जायचा फुटबॉल. १९९३ च्या डिसेंबरात फॉक्स नावाच्या तेव्हाच्या नवख्या चॅनेलने चार वर्षांसाठी १५८ कोटी डॉलर मोजून त्यातले निम्मे सामने सीबीएसकडून पळवले. सगळ्यांनी वेड्यात काढलं. पण पुढच्याच वर्षी सीबीएसशी जोडलेली मोठ्या शहरांतली केंद्रं फुटबॉलच्या मागोमाग फॉक्सकडे गेली, आणि नवखं चॅनेल पंक्तीत बसलं. उलटही होतं. इंग्लंडात आयटीव्ही डिजिटलने खालच्या विभागांच्या सामन्यांसाठी तीन वर्षांचे ३१.५ कोटी पौंड कबूल केले आणि २००२ मध्ये कंपनीच बुडाली. तिच्याबरोबर कित्येक क्लब गटांगळ्या खात राहिले, कारण त्यांनी न आलेल्या पैशांवर खेळाडू घेऊन ठेवले होते. सुपारीच्या बागेवर काढलेलं कर्ज आणि पडलेलं पीक, आमच्याकडे हे वेगळं समजावून सांगायला नको.

रिमोट कोणाच्या हातात असावा, एवढाच तो सगळा प्रश्न. तो आमच्या माजघरातही आहे. २०१८ आणि २०२२ चे अंतिम सामने रविवारी रात्री साडेआठला होते, मराठी मालिकांच्या ऐन वेळेला. “मेल्या, बॉल ऱ्हवांदे, माझी शिरेल लाव!” या वाक्यापुढे फिफाचं काही चालत नाही. आजींना दोष देणाऱ्यांनी १७ नोव्हेंबर १९६८ आठवावा. अमेरिकेतल्या त्याच अंगावर धावून जायच्या फुटबॉलचा, न्यूयॉर्क जेट्स आणि ओकलंड रेडर्सचा सामना, ६५ सेकंद शिल्लक, जेट्स पुढे, आणि एनबीसीने ठरल्या वेळी देशाच्या मोठ्या भागात सामना तोडून मुलांचा चित्रपट लावला. रेडर्सनी नऊ सेकंदांत दोनदा गुण मिळवून सामना ४३-३२ असा जिंकला. लोकांच्या फोनने चॅनेलचं एक्स्चेंज बंद पडलं. तेव्हापासून तिथे सामना संपल्याशिवाय दुसरं काही लावायचं नाही. आमच्या आजींपर्यंत हा नियम अजून पोचलेला नाही.

पैसे न भरता बघणाऱ्यांसाठी एक वाट आहे, आणि तिच्यातही एक खड्डा आहे. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर झालेले सामने दूरदर्शनलाही द्यावे लागतात. जाहिरातीच्या पैशात हक्कवाल्याचा वाटा किमान ७५ टक्के. पण २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते चित्र दूरदर्शनने आपल्या अँटेनावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, खासगी केबल-डिशवाल्यांना आयतं द्यायचं नाही. त्यामुळे महिन्याला पैसे मोजणाऱ्याच्या घरी त्या वेळी दूरदर्शनवर सामना नाही, आणि एकदाच डिश विकत घेऊन फुकट बघणाऱ्या शेजाऱ्याकडे तो सामना चालू, असं होऊ शकतं. गडग्यापलीकडचं ते हसू फार झोंबतं.

त्याहून झोंबतो आवाज. उपग्रहापर्यंत जाऊन यायला सिग्नलला पाव सेकंद लागतो, पण मोबाईलवरचं चित्र तुकडे करून, साठवून पाठवतात, म्हणून ते डिशच्या मागे वीस-तीस सेकंद चालतं. तुमच्या मोबाईलवर चेंडू अजून मैदानाच्या मधोमध असतो आणि गडग्यापलीकडून “गोल झालो!” येतं. कोणाचा झाला ते सांगत नाहीत. पुढची वीस सेकंद तुम्ही दोन्ही संघांच्या नावाने देव पाण्यात ठेवून बसायचं.

म्हणून शेवटी सगळे डिशवाल्याच्या घरीच जमतात. पेनल्टीची वेळ, रात्रीचे तीन, पाऊस, आणि चित्र ठिगळं मारल्यासारखं. कोणी तरी इरलं घेऊन वर चढतो आणि डिशचा काठ दोन्ही हातांनी धरून बसतो, कारण त्याने धरलं की चित्र टिकतं असा शोध लागलेला असतो. खाली खेळाडू चेंडू ठेवतो, चार पावलं मागे जातो, धावत येतो आणि आडव्या दांड्यावरून हाणतो. तीस माणसं एकदम कपाळावर हात मारून ओरडतात, “गेलो!”

वरचा माणूस कर्तव्यदक्ष. तो लगेच डिश फिरवतो.